दहा दिवसांचा गूळ

बायकोला माती देऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. ही गोष्ट खरी आहे. आमच्या गल्लीत ती अजून सांगतात. सांगताना कारखाना, टाकी, गूळ सगळं सोडून देतात आणि एवढंच ठेवतात, की म्हातारा तिसऱ्या दिवशी बूट चढवून निघाला. म्हणून बाकीचं मी लिहितो. माझं शिक्षण सातवी, ती पण नापास. अक्षर कोंबडीच्या पायाचं. पण झालं कसं ते मला ठाव आहे, गल्लीला नाही. ज्यांना पटायचं नाही त्यांना पटू नये. माझं काही अडलेलं नाही.

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना आहे. तिथं मी आधी बागेवर होतो. झाडांना पाणी घालायचं, कुंपण छाटायचं. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली बाग जळून गेली. तेव्हा मालकाच्या ध्यानात आलं की आपण तेल धुतलेलं पाणी मागं ओढ्याला सोडून राहिलो आणि पुढच्या फाटकात टँकरची वाट बघून राहिलो. पुढच्या साली त्यानं ते घाण पाणी साफ करून परत वापरायचा प्लांट बसवला. टाकीचा खड्डा खणायला मी होतो, काँक्रीट ओतायला मी होतो. टाकी सुरू झाल्यावर शिकलेले दोघं ऑपरेटर म्हणून आले. नाकाला रुमाल बांधून उभे राहायचे. महिन्यात पळाले. मी राहिलो. वास मला पण येतो. पण मी नाक झाकत नाही. नाक झाकलं तर कळणार कसं?

तिथलं निम्मं काम नाकाचंच आहे. लोकांना वाटतं पाणी साफ करायचं म्हणजे औषध टाकायचं. औषध नाही, जीव आहेत. डोळ्याला न दिसणारे किडे त्या तपकिरी गाळात राहतात आणि पाण्यातली घाण खातात. खालून ब्लोअरनं सारखी हवा सोडावी लागते, कारण श्वास त्यांना पण लागतो. गाळात लोखंडी चौकटी उतरवलेल्या आहेत आणि चौकटींना पांढरे दोरे लोंबतात, हजारोंनी, वाळत घातलेल्या शेवयांसारखे. दोरा आतून पोकळ. अंगाला भोकं आहेत, पण कुणाच्या बापाला दिसणार नाहीत इतकी बारीक. पंप दोऱ्याच्या आतून ओढतो. पाणी तेवढं आत येतं, किडे बाहेरच राहतात. कागदावर ह्याला एमबीआर म्हणतात. ओढायला किती जोर लागतो ते एका काट्यावर दिसतं. दोरे बुजायला लागले की काटा चढतो.

कारखाना चालू असला की किड्यांना जेवण घाण पाण्यातून आपोआप मिळतं. कारखाना बंद असला की उपाशी. मग मी गूळ घालतो. आडतीवरचा काळा गूळ, माणसं खात नाहीत तसला. रोज एक ढेप फोडायची, गरम पाण्यात विरघळवायची आणि दिवसातून चार वेळा थोडी थोडी सोडायची. एकदम नाही. एकदम दिलं की ते जनावर फुगतं.

जनावर हा शब्द माझ्या बायकोचा. ती माझा सदरा धुण्याआधी नाकाला लावायची. गाळ चांगला असला की सदऱ्याला नुकत्या खुरपलेल्या रानाचा वास येतो. बिघडला की नासक्या अंड्याचा. "आज तुमच्या जनावराला बरं न्हाई वाटतं," असं म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यातली हवा मोजायचा मीटर तेच सांगायचा. प्लांट तिनं एकदाच बघितला, खंडेनवमीला. सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावत फिरली आणि टाकीच्या कठड्यापाशी येऊन म्हणाली, "ह्याच्यापायी तुम्ही सणाला बी घरी नसता व्हय? डाळीची आमटी उकळल्यागत तर दिसतंय."

मग तिची मूत्रपिंडं गेली. साखरेचा आजार जुना होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तीन वर्षं. पहिल्या दिवशी मी मशिनीला अडकवलेली नळी बघितली. वीतभर लांब, आत पांढरे दोरे गच्च भरलेले. मी लगेच ओळखलं. नर्सबाईला म्हणालो, "हे दोरे पोकळ हाईत ना? भोकं हाईत ना ह्यांच्या अंगाला?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही डॉक्टर हायत का?"

"न्हाई, मी सांडपाण्याचा ऑपरेटर."

बायको खाटेवर एवढी हसली की हाताची सुई हलली आणि नर्सबाई आम्हा दोघांवर खेकसली. त्यानंतर मला चिडवायला तिला कारण मिळालं. "एक टाकी एमआयडीसीत, एक टाकी घरात. दोन्हीकडं पंप चालू ठेवा म्हंजे झालं," म्हणायची. आम्हाला लेकरू नाही. एकमेकांना चिडवणं एवढाच घरातला आवाज.

शेवटच्या महिन्यात तिच्या हाताला सुई टोचायला जागा राहिली नाही. मशिनीवरून उतरली की उलट्या, पेटके, दुसऱ्या दिवसापर्यंत डोळा उघडायची नाही. एक दिवस येताना रिक्षात म्हणाली, "आता बस्स झालं. परत आणू नका मला हितं." मी भांडलो. तीन दिवस भांडलो. मी आडमुठा आहे, सगळे म्हणतात, पण ती माझ्या वरताण होती. चौथ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "अंग माझं हाय का तुमचं?" त्यानंतर मी दवाखान्यासाठी रिक्षा बोलावली नाही. आठ दिवसांनी ती गेली. घरी, सकाळी, माझा हात धरून नाही. मी चहा टाकायला उठलो होतो.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. बसवून, हातात लिंग ठेवून, विभूती आणि बेल घालून माती देतात. अर्धापूरहून तिचा धाकटा भाऊ आला. केळीचा बागायतदार, पंचावन्न-साठचा माणूस, पण तिच्यापुढं कायम पोरगाच. तिनं त्याला कडेवर वाढवलेला. माती देताना तो धाय मोकलून रडला. मी रडलो नाही. ते पण गल्लीनं मोजून ठेवलं आहे.

आमच्यात अजून एक गोष्ट आहे जी शेजाऱ्यांना माहीत नाही आणि आमचे लोक विसरून चालले. आमच्यात सुतक नसतं. जन्माचं नाही, मरणाचं नाही, विटाळाचं नाही, उष्ट्याचं नाही, जातीचं नाही. माझा बाप मठात ऐकून आला होता आणि त्यानं ते आयुष्यभर पाळलं. गळ्यात लिंग असलेल्या माणसाला विटाळ कशाचा? पण आता सगळे एकमेकांचं बघून करतात. शेजारी दहा दिवस पाळतात, तेरा दिवस पाळतात, म्हणून आमच्यातले पण पाळतात. माझ्या घरात चूल पेटू दिली नाही. शेजारचे डबे आले. मी कोपऱ्यात बसून राहिलो. दोन दिवस बसलो, ते पण मोठ्या माणसांच्या मानापोटी.

कारखाना तेव्हा बॉयलरच्या दुरुस्तीसाठी बंद होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. आमचा फिटर. लातूरच्या जुन्या वस्तीतलं मुसलमान घर त्याचं, बाप-आजापासून पंप आणि कुलपं दुरुस्त करणारं. मला अप्पा म्हणतो, बायकोला अक्का म्हणायचा. मातीला आला होता आणि फावडं हातात घेऊन शेवटपर्यंत थांबला होता.

"अप्पा, माफ करो, ऐसे वक्त पे फोन करा. टाकी उतू चालली. फेस जिन्यावरून खाली आलाय."

मी उठलो. कोनाड्यातून बूट काढले. मेहुणा दारात आडवा आला.

"दाजी, कुठं?"

"कामावर."

"सुतकात?"

"आपल्यात सुतक नसतंय."

"नसतंय हो. ते मला बी ठाव हाय. पर लोक काय म्हणतील?"

"लोकांना सुतक असतंय, त्यांनी बसावं घरी."

"अक्काची माती वाळली न्हाई अजून!"

अजून थांबलो असतो तर हात उचलला गेला असता. सायकल काढली आणि निघालो.

प्लांटवर गेलो तर टाकी दिसत नव्हती. नुसता फेस. पांढरा, जाड, चिकट, कठड्यावरून ओघळून पायऱ्यांवर साचलेला. वास आंबट, शिळ्या ताडीचा. फिटर खराटा घेऊन फेसात गुडघाभर उभा होता. मी कठड्याला धरून वाकलो, एक जागा मोकळी करून बघितली. गाळाचा तपकिरी रंग गेला होता. राखेसारखा झाला होता.

"काय घातलंस?"

"गूळ."

"किती?"

तो खराट्याकडं बघत राहिला. "दहा ढेपा."

"एकदम?"

"माती देऊन आया, सीधा इधर आया. बॉयलरचं काम चालू, मेरे को रोज यायला जमणार नै. म्हटलं अप्पा आता दहा दिन येत नै. दहा दिन का एक साथ घालून टाकला."

"दहा दिवस कुणी सांगितलं तुला?"

"हमारे बाजूवाले घर में दहा दिन कोई चप्पल नै घालत पायात. तुम लोगां में रहता ना सुतक?"

"आमच्यात नसतंय रे!"

"मेरे को क्या मालूम अप्पा!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हटलं अक्का गये. वर से ये भी उपाशी मर गया तो तुमको क्या तोंड दिखाऊं?"

म्हणजे परगावी जाताना गायीपुढं दहा दिवसांची वैरण टाकून जावं, तसं त्यानं केलं. गाय शहाणी असते, पोट भरलं की थांबते. हे किडे थांबत नाहीत. समोर आहे तेवढं खात सुटतात आणि खाताना टाकीतली सगळी हवा ओढून घेतात. मग त्यांचाच श्वास कोंडतो. मी फिटरला एक शिवी दिली, आईची नाही, साधी. मग त्याच्या हातातला खराटा घेतला. त्याच्यावर जास्त रागावता येईना. त्यानं माझ्या दुःखाचा मान ठेवायला गूळ घातला होता, आणि माझी जात त्याला पुरती माहीत नव्हती. आमच्याच लोकांना माहीत नाही, तर त्याला कशी ठाव असावी?

मॅडम आल्या. नांदेडच्या, तिशीतल्या इंजिनिअर, प्लांट त्यांच्या ताब्यात. त्यांनी मीटर बुडवला. हवा शून्य. त्यांनी मीटर पुसला, परत बुडवला. परत शून्य.

"अप्पा, तुम्ही कशाला आलात? घरी राहायचं."

"घरी काय हाय?"

त्यांनी मीटरची वायर गुंडाळली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हा गाळ गेल्यात जमा आहे. पुढच्या गुरुवारी कारखाना सुरू होतोय. आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी शेवटचं बघू. सुधारला नसेल तर टँकर लावून सगळा उपसून टाकू आणि दुसऱ्या प्लांटमधून नवा गाळ आणू."

"नव्याला आपल्या तेलाची सवय न्हाई मॅडम. सवय लागेस्तोवर किती दिवस जातील?"

"बरेच जातील. मला माहीत आहे. पण हा चिकट गाळ दोऱ्यांवर बसला तर दोरेच जातील. मग अख्खा प्लांट बंद."

त्यांचं खरं होतं. खोटं बोलणाऱ्याशी भांडायला सोपं असतं. खरं बोलणाऱ्यापुढं लई जोर लागतो.

"बुधवारपर्यंत टाकी माझ्याकडं द्या," मी म्हणालो. "पंप, हवा, सगळं. मधी कुणी बोलायचं न्हाई. तुम्ही बी न्हाई."

"आणि बुधवारी मी नाही म्हटलं तर?"

"तर टँकरचा पाइप मी माझ्या हातानं आत सोडीन."

त्या हो म्हणाल्या. त्या बाईचे मी उपकार मानतो. ते तिथं तोंडावर बोललो नाही, म्हणून इथं लिहितो.

हा गाळ कुणी आयता आणून दिलेला नव्हता. म्हणजे पहिला टँकर बाहेरून आला होता, पण तो निम्मा मेला. उरलेला मी वाढवला. पहिल्या उन्हाळ्यात टाकीवर गोणपाट ओलं करून टाकायचो. एकदा कारखान्यातून कॉस्टिकचं, कातडी जाळणारं पाणी चुकून आलं तेव्हा झडप बंद करायला तसाच पळालो होतो, पायाला अजून डाग आहे. इतकी वर्षं त्यानं आमच्या कारखान्याचं तेल खाल्लं, साबण खाल्ला, आणि निवळ पाणी परत दिलं. त्याच पाण्यावर बाग परत उगवली. त्याला एका गुळापायी नाल्यात घालवायचं? माझ्या समोर तरी नाही.

उपाय काही मोठा नव्हता. जेवण बंद. दोन्ही ब्लोअर चालू, राखीव ठेवलेला पण. पंप एकदम हळू, दोऱ्यांवर ताण नको. आणि थोडा युरिया, थोडं डीएपी, बादलीत विरघळवून. गूळ म्हणजे नुसतं गोड. नुसत्या गोडावर किडे वाढतात पण अंगानं बुळबुळीत होतात, चिकट होतात, खाली बसत नाहीत. हे मला मॅडमनीच एकदा समजावलं होतं. उसाला निव्वळ पाणी दिलं आणि खत दिलं नाही तर काय होतं ते ज्याला ठाव, त्याला हे समजायला कॉलेज लागत नाही. बाकी काम खराट्याचं आणि पाण्याच्या फवाऱ्याचं. फेस मोडायचा, परत चढतो, परत मोडायचा.

रोज सकाळी आठला जायचो, दिवस मावळायच्या आत यायचो. गल्लीतून सायकल चालली की नळावरच्या बाया गप्प व्हायच्या. एकदा एक म्हातारी ऐकू जाईल असं बोलली, "बाई गेली तर घाणीत जाऊन बसलाय." मी सायकल थांबवली. "तुमच्या घरची घाण जाती कुठं, आजी? कधी बघितलं का?" तिनं पदर तोंडाला लावला. घरी गेलो की मेहुणा पाठ करून बसलेला. मी जेवलो का एवढं विचारायचा. विचारायचा हे खरं, आणि मी हो म्हणायचो.

पाचव्या दिवशी आंबट वास कमी झाला. सहाव्या दिवशी मीटरवर थोडी हवा दिसली. मी फिटरला हाक मारून दाखवली तर त्यानं दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले. दहाव्या दिवशी काटा चढला. दोऱ्यांवर बुळबुळ बसली होती. फिटरनं चेनपुली लावून एकेक चौकट वर उचलली आणि मी साध्या पाण्यानं, अंगावरून लेकराच्या पाणी सोडावं तसं, दोरे धुतले. जोरानं मारलं तर तुटतात. दोन चौकटींनाच दिवस गेला. दोन अजून बाकी. घरी आलो तेव्हा सदऱ्याला कसलातरी वास येत होता, तो चांगला का वाईट हे मला एकट्याला ठरवता येईना. सदरा मी तसाच बादलीत भिजत घातला.

अकराव्या दिवशी, बुधवारी, घरी शिवगणाराधना. आमच्या गुरूंना, जंगमांना जेवण, नातेवाईक, अर्धापूरची माणसं, सगळे येणार. मी सकाळी मेहुण्याला सांगितलं, "दहाला टाकी बघायची हाय. साडेअकराला मी घरात." तो भांडी मोजत राहिला.

फाटकात टँकर येऊन उभा होता, पाइप गुंडाळून तयार. मॅडम होत्या, फिटर होता. मी काचेच्या उभ्या जारमध्ये एक भाग गाळ घेतला, चार भाग निवळ पाणी, हलवून टेबलावर ठेवला. आमचा गाळ घट्ट असतो, तसाच ठेवला तर काही कळत नाही, म्हणून पाणी घालायचं. मग तीस मिनिटं हात लावायचा नाही. गाळ खाली बसला आणि वर पाणी निवळलं तर तो जिता. तसाच ढवळलेला राहिला तर टँकर. मॅडमनी मोबाईलवर वेळ लावली.

पाच मिनिटं झाली असतील, मेहुणा मोटरसायकलवर आला. वॉचमननं अडवलं तर त्याला ओलांडून आला. उपरणं नाकाला.

"दाजी, जंगम येऊन बसलेत. ज्याच्या घरचं कार्य तो हितं काय करतोय?"

"तीस मिनिटं थांब."

"कशाची तीस मिनिटं?"

मी सांगितलं. जार, गाळ, टँकर. तो ऐकत होता, पण ऐकायला आला नव्हता.

"अक्काला दिली असती तीस मिनिटं."

"काय म्हणायचं ते नीट म्हण."

"नीटच म्हणतो. तिची मशीन तुम्ही बंद केली. मला फोन न्हाई, विचारणं न्हाई. तिची नळी काढली अन् ह्या घाणीची नळी सोडवंना तुम्हाला. तिच्यासाठी इतकं उभं राह्यला असता, दाजी, तर..."

फिटर खाली बघायला लागला. मॅडम जारकडं बघायला लागल्या. मी पण जारकडं बघितलं. सगळं ढवळलेलं होतं, वर खाली एकच रंग.

"मी बंद केली न्हाई. तिनं केली."

"तुम्ही ऐकलं कशाला?"

"ती कुणाचं ऐकायची? तुझं लग्न कुणी ठरवलं? तू न्हाई म्हणून विहिरीवर जाऊन बसला होतास. कुणी कान धरून आणला तुला?"

त्यानं पायानं एक खडा बाजूला लोटला.

"तीन दिवस भांडलो मी तिच्याशी. तुला फोन लावतो म्हणालो, तर म्हणाली त्याला सांगू नका, तो येऊन पाया पडंल आन् मला परत जावं लागंल. तुला ती घाबरत होती, मला न्हाई. तिनं बस्स म्हटलं. माणसानं बस्स म्हटल्यावर ऐकावं लागतंय. ह्यानं," मी टाकीकडं हात केला, "ह्यानं अजून बस्स म्हटलेलं न्हाई. म्हटलं की मी सोडीन. तवर कुणाचा बाप आला तरी सोडत न्हाई. तू बी."

ब्लोअर चालला होता. मेहुण्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि मग ते परत नाकाला लावायचं विसरला. त्यानं टाकीच्या कठड्यावर ठेवलेला तुटका दोरा उचलला, बोटात फिरवला.

"पोकळ हाय."

"हाव."

"आमच्या ठिबकच्या फिल्टरगत काम हाय म्हणा की."

"फिल्टर मेलेला असतोय. हे जितं."

"बुजला की आम्ही ॲसिड सोडतो."

"आम्ही बी सोडतो. कमी."

तो टेबलापाशी आला. वाकून जारकडं बघायला लागला, जसा केळीच्या कोंबाकडं बघतो तसा. "किती झाली मिनिटं?"

"अठरा," मॅडम म्हणाल्या.

"वरती जरा फिकट दिसायलंय."

"दिसतंय. टेबलाला टेकू नको."

"टेकलो न्हाई की."

"मामा, सांस जरा हळू घ्या," फिटर म्हणाला. "आपके फुंकसे हिलता."

मेहुणा त्याच्याकडं रागानं बघणार होता, पण हसला. अकरा दिवसांत पहिल्यांदा. लगेच तोंड फिरवलं.

पंचविसाव्या मिनिटाला गाळाची रेष निम्म्याच्या खाली आली. वरचं पाणी पिवळसर, पण आरपार. फिटरनं खिशातलं विडीचं बंडल जारच्या मागं धरलं आणि वरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. तिसाव्या मिनिटाला मॅडमनी रेषेवर खूण केली, टाकीत मीटर बुडवला, काटा बघितला. बाकीच्या दोन चौकटी अजून धुवायच्या आहेत म्हणाल्या. मी म्हणालो, धुतो. मग त्या फाटकाकडं गेल्या आणि टँकर परत पाठवला. ड्रायव्हर बडबडत होता, "सकाळधरनं उभा हाय, रिकामाच जाऊ व्हय?" मी कठड्यावर बसलो. मेहुण्यानं बखोटीला धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि आम्ही दोघंही टाकीकडं बघत राहिलो, एकमेकांकडं नाही.

"चला आता," तो म्हणाला. "पाय तरी धुवा."

"धुतो."

"दाजी, उद्या तरी घरी बसाल का?"

"उद्या कारखाना चालू होतोय. पहिलं पाणी एकदम सोडलं तर हे परत फुगंल. थोडं थोडं घ्यावं लागतंय. आजारातनं उठलंय ते."

"पाहुणे हाईत घरी."

"पाहुण्यांना तू हाईस."

त्यानं मोटरसायकलला लाथ मारली आणि पुढं सरकून मला मागं जागा केली.

घरी मी बूट दारात काढले आणि जंगमांना वाकून "शरणार्थ" म्हटलं आणि पंगतीत बसलो. प्लांटवर राहिलेली सायकल संध्याकाळी फिटरनं आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. बाया नळावर होत्या. मी सायकलवर बसलो नाही, हातात धरून त्यांच्या समोरून मुद्दाम हळू चाललो. साडेसातला पहिलं पाणी आत घेतलं, झडप चतकोरच उघडून, आणि दुपारपर्यंत तिथून हललो नाही.